जिन्यातले कलम

नवा भाडेकरार दाराखालच्या फटीतून आत सरकवलेला होता. तो उचलून वाचता वाचता त्याचा चहा गार झाला. शेवटचे कलम त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते: ‘भाडेकरूने जिन्यात समोरून कोणी येत असल्यास परत वर जाऊ नये.’

जुनी कलमे त्याला पाठ होती. ‘भाडेकरूने न्हाणीघरात वाद्याचा सराव करू नये, सुरू केलेला सूर मात्र अर्धवट सोडू नये.’ ‘मांजरास भाडेकरू समजू नये व भाडेकरूस मांजर समजू नये.’ ‘ओले कपडे पाहणाऱ्याच्या जिवाला घोर लागेल अशा रीतीने वाळत घालू नयेत.’ तळमजल्यावर लाँड्री चालवणाऱ्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, की प्रत्येक भाडेकरू जाताना एक कलम मागे ठेवून जातो आणि त्या एकही खोडत नाहीत. तेव्हापासून तो त्या वाक्यांतून माणसे उभी करी: बादलीवर बसून ट्रंपेट फुंकणारा कोणी, मांजराशी भाड्याची बोलणी करणारी कोणी. ज्यांच्याशी बोलावे लागत नाही असे तेवढेच त्याचे सोबती होते.

आता त्या रांगेत तो स्वतः येऊन उभा राहिला होता. मालकीणबाईंची चाहूल लागली की काहीतरी विसरल्याचे सोंग आणून, खिसे चाचपत परत वर जाणारा या घरात दुसरा कोण होता? पण कलम तर जाणाऱ्याचे असते. मग आपल्याला जायला सांगितले आहे, की राहायचे असेल तर कसे राहावे ते सांगितले आहे? त्याने ते वाक्य खिडकीपाशी उजेडात धरून पाहिले. उजेडाने त्यात काही भर पडली नाही.

आणि नेमके आजच त्याला मागणे मागायचे होते. धाकट्या बहिणीला याच शहरात परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळत होता. राहण्याचा पत्ता उद्या कळवला नाही, तर तिची जागा दुसरीला जाणार होती. करारातले चौथे कलम मात्र बाकीच्यांसारखे गमतीचे नव्हते, अगदी सरळ होते: खोलीत एकच व्यक्ती राहील. हे विचारायला तो महिनाभर खाली उतरत होता आणि जिन्यातूनच माघारी फिरत होता. लहानपणापासून त्याच्या वतीने बहीणच बोलत आलेली. डॉक्टरांपुढे “दादाचं पोट दुखतंय” असे ती सांगे आणि तो मान हलवी. तो दंतवैद्याच्या दवाखान्यामागे बसून कवळ्या घडवत असे. लोकांना बत्तीस दात करून देणारा हा माणूस स्वतः मिठाची गुळणी धरून बसतो, ही तिची जुनी थट्टा. सकाळीच तिचा फोन येऊन गेला होता: विचारलेस, का मीच बोलू त्यांच्याशी? आपणच विचारतो, असे तो म्हणून बसला होता.

करार हातात घेऊन तो निघाला. वळणावर इस्त्रीच्या वाफेचा वास आला, आणि पाठोपाठ चादरींचा गठ्ठा छातीशी धरून, गुडघ्याला दोष देत मालकीणबाई. त्याचे पाय आपोआप वळले. मग हातातला कागद आठवला. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, असा तो त्रिशंकूसारखा थांबला.

“सही केलीत?”

“मी… मी जायचं का?”

“कुठं जायचं?”

“कलम जाणाऱ्याचं असतं, म्हणाला होतात.”

त्यांनी गठ्ठा पायरीवर टेकवला. “अहो, हा गुडघा घेऊन तुमच्या गळक्या नळाची चौकशी करायला किती वेळा चढले मी. अर्ध्यात पोचते तोवर तुमचं दार बंद. मी काय खाते का माणसं?”

हा राग होता की हसू, हे त्याला कळेना. कळायची वाट पाहिली तर उद्याचा दिवस उजाडेल, एवढे मात्र कळले.

“माझी बहीण येतेय,” तो म्हणाला. “शिकायला. तिला माझ्याकडे राहायचंय.”

“मग आधी का नाही बोललात?”

“एरवी माझ्या वतीनं तीच बोलते.”

बाईंनी त्याच्या हातातला करार काढून घेतला. मग कपड्यांवर खुणा करायचे, धुतले तरी न जाणाऱ्या शाईचे पेन काढून, कागद कठड्यावर दाबून त्यांनी खाली लिहिले: ‘चौथे कलम बहिणीस लागू नाही. मात्र बहिणीने भावाच्या वतीने बोलू नये.’

“हा गठ्ठा गच्चीवर न्या,” त्या उतरता उतरता म्हणाल्या. “आता वर गेलात तरी चालेल.”

गच्चीवर चादरी ठेवून त्याने ते पुन्हा वाचले. ही परवानगी होती, की शिक्षा? आणि कोणाला? तेवढ्यात फोन वाजला.

“काय म्हणाल्या, दादा?”

“राहा म्हणाल्या. पुढचं मला नीट समजलं नाही. पण माझ्या वतीनं बोलायची तुला मनाई आहे.”

पलीकडे बहीण गप्प झाली. असे यापूर्वी कधी झाले नव्हते. तो सवयीने वाट पाहत राहिला, आणि मग हळूहळू त्याच्या ध्यानात आले, की पुढचे वाक्य आपल्यालाच बोलायचे आहे.