झाकणाखालचं तीर्थ

निगडीच्या प्राधिकरणातल्या मांडवात भरपावसाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अक्षयबाबांचं तीर्थ वाढत होतं. सकाळी सोनाराच्या काट्यावर वाटीचं वजन व्हायचं, दिवसभर मंत्र चालायचे आणि संध्याकाळी तीच वाटी चार ग्रॅमनं जड भरायची. तापल्या तव्यावरही तीर्थाचा थेंब आटत नसे. जे आगीला भीत नाही ते तुमच्या रक्तातल्या साखरेला काय भिणार, असं बाबा म्हणत. रोज एक चमचा घ्या आणि सुया फेकून द्या. मांडवात इंजिनिअरही बरेच होते, ते फोन उंच धरून व्हिडिओ काढत होते.

सायलीच्या शालनआत्यानं चार दिवस इन्सुलिन बंद केलं होतं. तिला सारखी तहान लागत होती, धाप लागत होती. विनवण्या करून सायली थकली होती.

सायली ताथवड्याच्या प्रयोगशाळेत द्रवांची घनता नि चिकटपणा मोजायची. तव्यावरचा थेंब बघूनच तिला शंका आली. न तापवताही द्रवरूप असणारी काही रासायनिक मिठं असतात, ती सहजी आटत नाहीत. प्रयोगशाळेत अशाच एका मिठाच्या बाटलीचं बूच मागे तिच्याकडून उघडं राहिलं होतं. द्रवानं हवेतली ओल ओढली, आठवड्याची मापं वाया गेली आणि सरांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं.

सकाळच्या वजनाच्या वेळी तिनं मांडवात उभं राहून तीर्थाच्या दोन वाट्या मागितल्या, एक झाकलेली नि एक उघडी.

"झाकणाखाली तीर्थ गुदमरतं, बाळ," बाबा म्हणाले.

आयोजक यशवंतराव कंपनीत तीस वर्षं यंत्रांचे पार्ट तपासून निवृत्त झालेले. सायली त्यांच्याकडे वळली. "काका, पार्टचं माप वाढलं तर तुम्ही कारण शोधायचा, की आरती करायचा?"

यशवंतराव ओशाळले. त्यांनीच कणीक मागवली आणि झाकणाच्या कडा लिंपल्या.

संध्याकाळी उघडी वाटी चार ग्रॅमनं जड भरली. झाकलेली होती तेवढीच. मंत्र तर दोन्हींवर म्हटला होता, तोही माईकवरून.

हा द्रव हवेतलं पाणी पितो, सायलीनं सांगितलं. तव्यावर तेवढं पाणी उडतं, मूळ द्रव राहतो. "पोटात गेल्यावर तो काय करतो, ते आम्ही मोजलेलं नाही, आत्या. ते तू स्वतःवर मोजतेयस."

शालनआत्या वाट्यांकडे बघत राहिली. "पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राह्यली की पाणी सुटतं, तसंच व्हय हे?"

"तसंच."

"आन मी त्याला हात जोडत बसले." तिनं सायलीचा दंड धरला. "चल, दवाखान्यात ने मला."

बाबा मांडवाच्या मागून कधी सटकले, ते कुणी पाहिलं नाही. शालनआत्या वेळेत पोचली म्हणून वाचली, सगळेच पोचत नाहीत. तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर आधी त्यावर झाकण घालून बघा, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणाच्याही शब्दावर बंद करू नका.