गास्तोनेची चुकलेली बोट

एकतीस वर्षं व्हेनिसच्या बोटींवर दोर फेकून आणि थांब्यांची नावं ओरडून पेन्शनीत निघालेला गास्तोने त्या मंगळवारी सकाळी चुकीच्या बोटीत चढला.

निघाला होता स्टेशनच्या बाजूला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. धक्क्यावर पाठोपाठ दोन बोटी लागल्या. पाटीवरचा आकडा त्याला धड दिसेना. पण विचारायचं कुणाला? आणि गास्तोनेनं विचारायचं? छाती काढून तो पहिल्या बोटीत शिरला. बोट डावीकडे वळायची ती सरळ समोरच्या बेटाकडे निघाली. पुढचा थांबा दफनभूमी!

तेवढ्यात पाठीमागून हाक आली. "अरे गास्तोने! इकडे कुठे?"

तळमजल्यावरची फोस्का. हिला कळलं की दुपारच्या आत सगळ्या गल्लीला कळणार.

"कुठे म्हणजे? दफनभूमीत," तो म्हणाला. "मयताला."

फोस्का घाईघाईनं म्हणाली, "मीपण तिथेच."

आता उतरणं भाग होतं. उतरले. फाटकाच्या आत सरूच्या झाडांखाली दहाबारा काळे कपडेवाले एका शवपेटीभोवती उभे होते.

"हेच का तुझं मयत?" फोस्कानं विचारलं.

"हेच. जुना दोस्त."

"माझीही चांगली ओळख होती," फोस्का म्हणाली आणि रुमाल काढून नाकाला लावला.

दोघं जाऊन मागे उभी राहिली. पाद्रीबुवांची प्रार्थना संपली. मयताचा भाचा तुल्लियो चार शब्द बोलायला पुढे झाला, पण त्याला रडू आवरेना. त्यानं आशेनं इकडेतिकडे पाहिलं, तर सगळे घरचेच, सगळे रडवेले. नवे चेहरे फक्त दोन.

"तुम्ही जुन्या ओळखीतले दिसता," तो गास्तोनेला म्हणाला. "बोलाल का दोन शब्द?"

गास्तोनेनं फुलांच्या चक्रावरची सोनेरी अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. डोळे बारीक केले, मान पुढे काढली. अक्षरं नुसती मुंग्यांसारखी हलत होती. नाव जाऊ दे, असं ठरवून त्यानं घसा साफ केला. आवाज मात्र अजून खणखणीत होता.

"काय सांगू मंडळी! आपला हा दोस्त म्हणजे सोन्यासारखा माणूस. रोज सकाळी सात वीसच्या बोटीला हजर. थंडी असो, धुकं असो. आणि त्या मिश्या! अशा मिश्या अख्ख्या व्हेनिसमध्ये दुसऱ्या कुणाला नव्हत्या!"

पाद्रीबुवांनी पुस्तक मिटलं. फोस्कानं त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"अरे मेल्या, बाई आहे ती! लेओनिल्दा! पियानो शिकवायची, लिहिलंय बघ तिथं!"

गास्तोनेच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आत्ता धावत सुटावं तर धक्क्यावर बोटही नव्हती.

मग पहिल्या रांगेतून एक विचित्र आवाज आला. लेओनिल्दाची ऐंशी वर्षांची धाकटी बहीण खांदे हलवत होती. लोकांना वाटलं, हुंदका आहे. ती हसत होती.

"होत्या हो, होत्या!" ती म्हणाली. "रोज सकाळी कात्री घेऊन आरशापुढे बसायची! आम्ही कुणी साठ वर्षांत तोंडातून शब्द काढला नाही. तुम्ही पहिले!"

तुल्लियो खुदकन हसला. मग सगळेच हसले, डोळे पुसत, एकमेकांना धरत. पाद्रीबुवा तेवढे झाडाकडे तोंड करून उभे राहिले, पण त्यांची पाठ हलत होती.

म्हातारीनं दोघांना सोडलंच नाही. पलीकडच्या काठावर खानावळीत जेवायला नेलं. कांद्यात मुरवलेले तारले मासे आणि पोलेंता, म्हणजे मक्याचा गरम सांजा, पुढे आल्यावर गास्तोनेला ते खोटं घशाखाली उतरेना. त्यानं चमचा ठेवला.

"बाई, मी तुमच्या बहिणीला कधी पाहिलंही नाही. माझी बोट चुकली."

"ते मला मिश्यांवरूनच कळलं," म्हातारी म्हणाली. "जेवा आता."

"आणि तू?" गास्तोने फोस्काकडे वळला.

फोस्का लाल झाली. "मला स्टेशनकडे केस कापायला जायचं होतं. तुला चढताना पाहिलं. म्हटलं, एवढी वर्षं बोटीवर काढलेला माणूस, हा काय चुकतोय? आले तुझ्या मागून!"

डॉक्टरनं गुरुवारची वेळ दिली. गास्तोने नको नको म्हणत असताना फोस्का बरोबर निघाली, त्याचा दंड धरून, प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत. तिचा आवाज ऐकून लोकांना ती बोटीवरचीच वाटली. बॅगा घेतलेली परगावची चार मंडळी तिला रस्ता विचारायला आली. तिनं हात लांब करून फार आत्मविश्वासानं सांगितला, आणि ती चौघं भलत्याच धक्क्यावर उतरली.