बाटलीतली दृष्टी

गेलेली दृष्टी परत देणं एकट्या परमेश्वराच्या हातात असतं. ते खातं सध्या नेत्रबाबांकडे असल्यामुळे शिंप्याच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती.

घडलं होतं खरंच. शिंप्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी वर सरकवून तो बंद केला, आत जाळी बसवली. शुद्धीवर येताच शिंपी म्हणाला, "दिवे का घालवलेत?" दिवे लखलखत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला बायको दिसली. "किती वाळलीस गं," तो म्हणाला. दरम्यान, धाकट्या दिराने बाबांनी फुंकर मारलेली पाण्याची बाटली तिच्या हातात कोंबली होती.

"आमच्या पाण्याने आंधळ्याला उजेड दिला!" बाबा गरजले. "आता त्या विषारी गोळ्या बंद! गोळी आणि कृपा एका पोटात नांदत नाहीत."

दीर लगेच गोळ्यांचा डबा घेऊन कचऱ्याकडे निघाला. बायको त्याच्या वाटेत आडवी आली. जाळीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्या गोळ्या होत्या. बंद केल्या तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"भावोजी, डबा खाली ठेवा. डॉक्टरांनी पुन्हा तपासून काय सांगितलं? फोटोत नस दिसावी म्हणून त्या नळीतून औषध सोडतात. क्वचित ते मेंदूतल्या बघण्याच्या भागाला झोंबतं. डोळे शाबूतच असतात. औषध उतरलं की दोन-तीन दिवसांत दिसायला लागतं."

"कच्चा रंग," शिंपी म्हणाला. "दोन धुण्यांत जातो."

"पण वहिनी, पाणी घातल्यावरच दिसलं ना!"

"घातलं कुणी? डोळ्यांत काही घालाल तर याद राखा, असा नर्सबाईंनी दम भरला होता."

तिने शिलाई मशीनच्या खणातून बाटली काढली. बुचाचं सील जसंच्या तसं होतं. बाबांची फुंकर बाहेरूनच परतली होती.

गर्दीत कुणीतरी खोकलं. बाबांनी डोळे मिटले. "आमचं पाणी नुसतं जवळ असलं तरी पुरतं."

"असेल. गोळी मात्र गिळावी लागते." तिने दिराच्या हातातून डबा काढून घेतला आणि गर्दीकडे वळली. "बाटली आली, मग दिसलं, एवढ्यावरच हात जोडलेत. मधे काय झालं, ते एकाने तरी विचारायचं होतं!"

शिंप्याने बाटली हातात घेतली, फिरवली आणि मुंगीएवढी अक्षरं मोठ्याने वाचली :

"पिण्याचे पाणी. वापरण्याची मुदत... गेल्याच महिन्यात संपली की!"