गुनवोरचा आवाज

"आता 'ई' म्हणा. दम संपेपर्यंत," डॉक्टर म्हणाले.

नाकातून घशात सोडलेली बारीक नळी सहन करत गुनवोरने 'ई' म्हटलं. आवाज असा निघालाच नाही, नुसती हवा फुसफुसली. समोरच्या छोट्या टीव्हीवर तिला स्वतःचाच गळा दिसत होता. ओल्या, गुलाबी अंधारात दोन पांढऱ्या पट्ट्या. उजवी मधोमध येत होती, थरथरत होती, मागे जात होती. डावी जागची हलत नव्हती.

"या दोघी एकमेकींना भिडल्या की खालून येणाऱ्या श्वासाने थरथरतात," डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "बाईच्या गळ्यात सेकंदाला दोनशे वेळा. तोच आवाज. तुमची एकटी उजवीच काम करतेय. मधल्या फटीतून हवा वाया जाते."

"पण ऑपरेशन तर थायरॉईडच्या गाठीचं होतं," ती कुजबुजली.

"पट्टी हलवणारी नस त्या गाठीला खेटूनच जाते. डावीकडची तर आधी छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि मग परत गळ्यात येते."

"एवढा वळसा? वायरिंग कुणी केलंय हे?"

डॉक्टर हसले. "ती तक्रार चर्चमध्ये करा. नस दुखावलीय. वर्षभरात जागी होईलही. किंवा नाही होणार."

गुनवोर चोपन्न वर्षांची होती आणि त्यातली सव्वीस वर्षं तिने सांदवेर बेटावरच्या किनारा-रेडिओवर काढली होती. दिवसातून चार वेळा हवामान वाचायचं आणि उरलेला वेळ समुद्रावरून कोण हाक मारतंय ते ऐकायचं. तिला डोळ्यांनी पाहिलेले मच्छीमार थोडे, पण आवाजाने ओळखणारे शेकड्यांनी. 'गुनवोरने वादळ म्हटलं की बोट काढू नये,' असं ते एकमेकांना सांगत.

घरी वेगळीच अडचण झाली. तिचा नवरा आयनार आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त करत आला होता. त्याचे कान निम्मे गेलेले. इतकी वर्षं तिच्या खणखणीत आवाजावर भागलं होतं.

"काय म्हणालीस?" तो बाहेरच्या खोलीतून ओरडायचा.

ती टेबलावर चमचा वाजवायची. मग तो उठून स्वयंपाकघरात यायचा, तिच्याजवळ वाकायचा, आणि ती त्याच्या कानात सांगायची, "बटाटे सोल."

"एवढ्यासाठी बोलावलंस? मला वाटलं, काही प्रेमाचं असेल."

"सोलशील तर तेही बोलेन."

स्टेशनप्रमुखाने तिला कामावरून काढलं नाही. फक्त माइकवर सीव्ह नावाची चोवीस वर्षांची मुलगी बसवली, आणि गुनवोरच्या पुढ्यात नोंदवही सरकवली. पहिल्या दिवशी सीव्हने हवामान असं वाचलं, जणू पाठीमागे कुत्रं लागलंय.

"उत्तम," गुनवोर कुजबुजली. "वारा येण्याआधी तूच पोचलीस."

सीव्ह लाजली. "मग कसं वाचू?"

गुनवोरने तिच्या पोटावर हात ठेवला. "श्वास इथून घे. खांदे वर गेले की गळा आवळतो, आणि आवळलेला आवाज उंच होतो. रेडिओच्या खरखरीत उंच आवाज पहिला बुडतो. खाली बोल. आकडा सुटा सुटा सांग. आणि प्रत्येक वाक्यानंतर थांब. तिकडे एखादा ओल्या हाताने लिहून घेत असतो."

स्वतः गुनवोर आठवड्यातून एकदा बोटीने जाऊन वाचोपचारतज्ज्ञाकडे शिकत होती. मान डावीकडे वळवून बोललं की दोन पट्ट्यांमधली फट थोडी मिटते आणि आवाजात जरा धार येते, हे तिला तिथे कळलं. पण पाच-सहा वाक्यांतच दम लागायचा. इकडे सीव्हचं वाचन सुधारत गेलं. नाताळपर्यंत ती गुनवोरसारखी थांबायला लागली, गुनवोरसारखा 'पश्चिम' या शब्दावर जोर द्यायला लागली. गुनवोर वहीवरून मान न उचलता ऐकत राहायची.

फेब्रुवारीत, कॉड माशांच्या हंगामात, एका दुपारी बाहेर वारा वाढत असताना रेडिओवर एक पुरुष ओरडला. इंजिन बंद पडलं होतं. बोटीवर तो एकटाच होता, आणि लाटा त्याला उत्तरेकडच्या खडकांवर ढकलत होत्या.

गुनवोरने आवाज तत्काळ ओळखला. ओड्वार. दरवर्षी हंगामापुरता पार उत्तरेकडून येणारा म्हातारा. एरवी पिंपातून आल्यासारखा त्याचा घोगरा आवाज आज पोरासारखा चिरका झाला होता. भीती सगळ्यांत आधी गळा धरते.

"नेमका कुठे आहेस? खडक किती लांब?" सीव्ह घाईघाईने, चढ्या आवाजात विचारत होती. तो उत्तरच देत नव्हता. नुसता म्हणत होता, "गुनवोरला दे! गुनवोर कुठेय?"

सीव्हने माइक तिच्याकडे सरकवला. गुनवोरने मान डावीकडे वळवली, पोटातून श्वास घेतला आणि सगळा जीव एकवटून म्हणाली, "ओड्वार, मी गुनवोर बोलतेय. खडक कुठल्या बाजूला दिसतोय?"

खरखर. मग तो चिरकला, "कोण तू? घसा बसलेली बाई नको मला! गुनवोरला दे म्हणतोय ना!"

"मीच..." ती म्हणाली आणि श्वास संपला.

गुनवोरने माइक सीव्हपुढे ठेवला, नोंदवहीतलं एक पान फाडलं आणि त्यावर लिहिलं: 'मी गुनवोर, म्हण.'

सीव्हने मान हलवली. नाही. गुनवोरने त्या ओळीखाली पेन्सिल इतकी दाबून रेघ ओढली, की कागद फाटला.

सीव्हने खांदे खाली सोडले. "ओड्वार. मी गुनवोर."

समोरून एक लांब श्वास ऐकू आला. "अगं, कुठे होतीस? इंजिन मेलंय माझं."

मग गुनवोर लिहीत गेली आणि सीव्ह वाचत गेली. उंच खडक डाव्या हाताला आहे का? आहे. मग त्याच्या पूर्वेला वाळूचा तळ आहे, पंधरा-सोळा वाव खोल. नांगर तिथेच धरेल. आत्ता टाकू नकोस. मी सांगते तेव्हा. दरम्यान गुनवोरने दुसऱ्या वाहिनीवर बटणांनी बचावबोटीला इशारा पाठवला होता. "आता टाक," सीव्ह म्हणाली, आणि थांबली. अगदी तेवढंच, जेवढं गुनवोर थांबली असती.

नांगर धरला. पन्नास मिनिटांनी बचावबोट पोचली.

सीव्हने कानावरचे हेडफोन काढले आणि ती रडायला लागली. "मी त्याला सांगते. खरं काय ते सांगते."

"कशाला?" गुनवोर म्हणाली. "तो वाचला ना? कॉफी घे."

चौथ्या दिवशी सकाळी स्टेशनचं दार वाजलं. दारात हातात भलामोठा कॉड घेऊन एक बुटका, दाढीवाला म्हातारा उभा होता. गुनवोरने त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. पण त्याने तोंड उघडलं आणि ओळख पटली.

"गुनवोर आहे?" ओड्वारने विचारलं.

आतून सीव्हचा आवाज येत होता. दहाचं हवामान चाललं होतं. म्हातारा टोपी काढून, मान तिरपी करून ऐकत राहिला.

"बघ, वीस वर्षांत तिचा आवाज जरासुद्धा म्हातारा झाला नाही," तो हळूच म्हणाला. "कामात आहे ती. नको त्रास द्यायला. तिला दे हा मासा. काळीज आतच ठेवलंय म्हणावं, सगळ्यांत चवीचं तेच."

"देते," गुनवोर म्हणाली.

"तुला सर्दी झालीय वाटतं. जप."

तो टोपी घालून धक्क्याकडे उतरत गेला. तो बोटीत चढेपर्यंत गुनवोर दारातच उभी होती.

संध्याकाळी तिने माशाचे जाड तुकडे उकडले, काळीज वेगळं शिजवलं. आयनारने दोनदा वाढून घेतलं.

"कुणी दिला एवढा चांगला?"

ती खुर्ची त्याच्याजवळ ओढून त्याच्या कानाशी वाकली. "एका बोटवाल्याने. माझ्या आवाजासाठी."

"हं. मग काय म्हणालीस त्याला?"

"काही नाही."

आयनारने आपल्या ताटातला काळजाचा मोठा तुकडा उचलला आणि तिच्या ताटात ठेवला.