कॉफीघरात बाई

"वहिनी, तुम्ही घरी जा बघू. तुमच्यामुळे कुणी आत येईना," लाम्ब्रो दारातूनच म्हणाला. अर्गिरोच्या नवऱ्याचा हा जिवलग दोस्त, तिच्या लेकीचा धर्मपिता.

अर्गिरोने खिडकीचा पडदा सारला. अमेरिकेतल्या पोकाटेलो गावच्या रेल्वे कारखान्यातले सगळे ग्रीक गडी समोर बर्फात पाय आपटत उभे होते. तिचा नवरा सोतिरी वारल्याला चाळीस दिवस झाले होते, त्याच्या नावाने गोड गहू कालच चर्चमध्ये वाटून झाले होते, आणि आज तिने त्याचं कॉफीघर उघडलं होतं.

"का येईनात?"

"अहो, पुरुषांच्या बैठकीत बाईमाणूस! तिकडे गावी कळलं तर तोंडात शेण घालतील. दुकान माझ्या नावावर करा. तुमच्या पोटापुरतं घरपोच देईन की."

अर्गिरोचं डोकं सणकलं. हे गडी एकटे या मुलखात आले तेव्हा मसुराच्या आमटीसाठी तिच्याच स्वयंपाकघरात येऊन बसायचे. त्यांचे कोळशाने माखलेले सदरे तिने उकळले होते.

"भावजी, तुम्ही तापाने फणफणला होता तेव्हा तुमचं अंग कोण पुसत होतं? तेव्हा नाही आठवलं गाव?"

लाम्ब्रोचे कान लाल झाले. "ती गोष्ट वेगळी."

"काही वेगळी नाही. कॉफी घ्यायची असेल तर बसा. नाहीतर दार लावा, गार वारं येतंय."

तो गेला आणि त्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

दुपार झाली तरी एकही कप उष्टा झाला नव्हता. अर्गिरोने स्टुलावर चढून तो कळकट पडदा ओढून काढला. बघू देत, रस्त्यावरच्या सगळ्यांना बघू देत.

तेवढ्यात घोळका हलला. डोक्याला रुमाल बांधलेली स्मारो, लाम्ब्रोची बायको, त्यातून वाट काढत येत होती.

"कुठे निघालीस?" लाम्ब्रो खेकसला.

"कॉफी प्यायला."

ती आत आली आणि खुर्ची ओढून बसली. लग्न होऊन या गावात आल्यापासून रोज संध्याकाळी नवरा इकडे यायचा आणि घरी ताट निवत राहायचं. या दारातून आत मात्र तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिने डगमगतं टेबल चाचपलं, चिकट पत्ते पाहिले, भिंतीवरची ग्रीसच्या राजाची पिवळी पडलेली तसबीर पाहिली.

"इथेच बसायचा होय रोज?"

"इथेच," अर्गिरो म्हणाली आणि तिने कॉफी चुलीवर ठेवली.

स्मारोने पुन्हा एकदा चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"एवढ्यासाठी?"