दोन भावांचं एक डोमेन

लोकांच्या वेबसाइट आपल्या मशिनवर ठेवणाऱ्या एका होस्टिंग कंपनीत तिच्याकडे एकच काम होतं, नेम सर्व्हर सांभाळायचं. हे नेमकं काय असतं, असं सासूबाईंनी एकदा विचारलं. तिनं सांगितलं, लोक कॉम्प्युटरवर दुकानाचं नाव टाकतात, ते दुकान कुठल्या मशिनवर आहे याचा पत्ता आमचा सर्व्हर सांगतो. तेव्हापासून घरात तिचं नाव 'पत्तेवाली' पडलं, आणि घरातलं नाव ऑफिसात पोचायला वेळ लागत नाही.

तिच्याकडच्या नऊशे डोमेनांमध्ये, म्हणजे अशा नावांमध्ये, चष्म्याच्या एका जुन्या दुकानाचं डोमेन होतं. वडील गेल्यावर दोन्ही मुलांनी दुकान चालवलं, आणि मग फाटलं. थोरल्यानं जुनी जागा ठेवली, धाकट्यानं पुलापलीकडे नवी घेतली. कपाटं, भिंगं घासायची यंत्रं, सगळ्याची वाटणी झाली. डोमेनचे मात्र दोन तुकडे होत नाहीत.

सोमवारी थोरल्याचा फोन आला. त्यानं दुसऱ्या कंपनीकडून नवी साइट करून घेतली होती, डोमेन त्यांच्या नेम सर्व्हरकडे वळवायचं होतं. खात्यावर दोघा भावांची नावं होती, ठरलेला शब्दही त्यानं बरोबर सांगितला. तिनं बदल केला. जुनी साइट वाटणीनंतर धाकटा चालवत होता; मंगळवारी त्यानं तोच शब्द सांगून सगळं पूर्वीसारखं करायला लावलं. बुधवारी पुन्हा थोरला.

नेम सर्व्हर बदलले म्हणून जगाला ते लगेच कळत नाही. जुना पत्ता पाठ केलेली यंत्रं दिवस-दोन दिवस तोच सांगत राहतात. त्यामुळे गुरुवारी काही गिऱ्हाइकांना थोरल्याची साइट दिसत होती, काहींना धाकट्याची, आणि मेल कुणाच्या पेटीत पडेल याचा नेम नव्हता. एका शिक्षिकेनं दोनदा मेल केली, तिला एकाच नंबरचे दोन चष्मे पोचले. एका ट्रकचालकाला एकही नाही. तो चार दिवस तडा गेलेल्या काचेतून रस्ता बघत होता. त्याला दोन्ही दुकानांनी तिचा नंबर दिला. तो चिडला नव्हता. त्यानं फक्त विचारलं, चष्मा नक्की कोण करतंय. त्याच्या शांतपणानं तिला जास्त लागलं.

तिनं डोमेनला कुलूप लावलं, म्हणजे आता कुणाच्याच सांगण्यावरून बदल होणार नव्हता. साहेब वैतागले. शेवटचा फोन ज्याचा त्याचं ऐकावं, उगाच दुसऱ्यांच्या भाऊबंदकीत पाय घालू नये, असं त्यांचं मत. ती म्हणाली, पाय सोमवारीच अडकलाय.

मग तिनं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: डोमेन मुळात कुणाच्या नावावर आहे ते पाहिलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. मालक म्हणून तिथे ना थोरला होता, ना धाकटा. बाईचं नाव होतं. ती त्यांची बहीण निघाली.

बहीण दुसऱ्या शहरात शाळेत गणित शिकवत होती. आपलं नाव अजून तिथे आहे हे तिनं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, शनिवारी येते, दोघांना बोलावून ठेवा.

शनिवारी ऑफिसातल्या लहान खोलीत तिघं बसली. भाऊ टेबलाच्या दोन टोकांना, बहीण मधे; पत्तेवाली दाराशी. थोरल्यानं सुरुवात केली, की ही नुसती कागदावरची गोष्ट आहे, ताईनं एक सही केली की संपलं. धाकटा म्हणाला, सही कुणासाठी ते आधी ठरू दे.

"हे नाव घ्यायला बाबांनी मला सांगितलं होतं," बहीण म्हणाली. "तेव्हा तुम्हा दोघांना मशिनपुढे बसायचा कंटाळा होता. वाटणीच्या वेळी मला कुणी फोनसुद्धा केला नाही. मी काही मागितलं नाही, मागणारही नाही. पण हे माझं आहे, ते माझ्याकडेच राहील."

थोरला खिडकीबाहेर बघत राहिला.

मग बहिणीनं पत्तेवालीकडे वळून विचारलं, काय काय करता येईल. पत्तेवाली म्हणाली, डोमेन परत आमच्या नेम सर्व्हरकडे आणता येईल; एक साधं पान, त्यावर दोन्ही दुकानांचे पत्ते; दोघांच्या साइटना त्याच नावाच्या पोटात वेगवेगळी नावं, मेलच्या पेट्याही वेगळ्या. जुन्या पत्त्यावर आलेली मेल दोघांनाही जाईल. बहिणीनं एकच बदल सुचवला: पानावर आधी जुनं दुकान, मग नवं. धाकट्यानं खांदे उडवले, पण हो म्हणाला. थोरला न बोलता उठून गेला. त्याचा होकार सोमवारी मेलनं आला, एका ओळीत.

पत्तेवालीनं ट्रकचालकाच्या चष्म्याचं काय, हे धाकट्याला जाताजाता विचारून घेतलं. त्यानं स्वतः नेऊन देतो म्हटलं, आणि दिला.

होकार मिळाला त्याच दुपारी तिनं नोंदी भरल्या आणि दोन दिवस थांबली. बुधवारी वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा ठिकाणांहून तिनं ते नाव विचारून पाहिलं. चौदा ठिकाणी उत्तर बरोबर आलं. पंधराव्यानं अजून थोरल्याचीच साइट धरून ठेवली होती. ती चहा घेऊन आली, पुन्हा विचारलं. अजून तेच. तिनं पुढचं काम उघडलं.