हात लावू का, माय?

"हात लावू का, माय?"

देवमननं विचारलं, तशी टेबलावर बसलेली गोदाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी तिची नजर.

"दवाखान्यात आली ना मी? हात नाई लावशीन तं दुखनं कसं दिसन?"

अकोल्याच्या त्या दवाखान्यात एक्स-रेचं काम करता करता देवमनचे केस पिकायला लागले होते, पण ही खोड काही सुटली नव्हती. कंपाउंडर त्याची नक्कल करून दाखवायचा. छपन्न साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हा देवमननं पुष्कळ काही मागं टाकलं. हा एक प्रश्न तेवढा जिभेला चिकटून राहिला. चुकून कुणाला हात लागला की काय होतं, ते लहानपणी त्याच्या पाठीनं सोसलं होतं. बायको वारल्यापासून तर तो ज्यांना हात लावी, ती सगळी माणसं या टेबलावरचीच.

गोदाबाई बार्शीटाकळीची. नवरा नाही, मूल नाही. पुतण्या शालिकरामकडे राहायची. दोन वर्षांमागं नागपूरला तिच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. आता उजवा दंड ठणकत होता. वात समजून तेल चोळून झालं, लेप झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, एक्स-रे तरी काढून पाहू. देवमननं तिचा हात अलगद उचलून फिल्मच्या पेटीवर ठेवला.

"दम धरा... सोडा."

अंधारखोलीतल्या लाल दिव्यात फिल्म धुताना हाड हळूहळू वर आलं. मधल्या जागी ते वाळवी लागलेल्या वाशासारखं खाल्लेलं होतं. देवमननं ती ओलीच डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टरांनी ती फिल्म उजेडासमोर धरली.

"आतड्याचा रोग यकृतात उतरतो, फुफ्फुसात उतरतो. पण दंडाच्या हाडात? हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं."

सोबत आलेल्या शालिकरामला त्यांनी दाराशी नेऊन समजावलं, मुंबईला किरणांचा शेक देतात. रोग जाणार नाही, दुखणं मात्र कमी होईल. शालिकराम खाली मान घालून म्हणाला, "मुंबईले कोन नेईन, साहेब?" मग हात झोळीत बांधून आणि गोळ्या देऊन गोदाबाईची बोळवण झाली.

एवढ्या बोलण्यातलं तिच्या कानावर पडलं ते एकच, की किरणांनी दुखणं कमी होतं. पुढच्या मंगळवारी ती एकटीच एस.टी.नं येऊन हजर.

"तुया उजेडानं लय आराम पडला, बापू. अजून एक डाव लाव."

आराम गोळ्यांचा होता, झोळीचा होता. पण ते सांगून एवढ्या आशेनं आलेल्या बाईला परत पाठवायची त्याची छाती झाली नाही. त्यानं रिकामी पेटी ठेवली, वर तिचा हात ठेवला आणि यंत्र नुसतंच सुरू केलं. किरण सोडायचा खटका दाबला नाही. यंत्र घुमू लागलं. गोदाबाईनं डोळे मिटले.

"दम धरा... सोडा."

मग दर मंगळवारी हेच. आपण फसवतोय, हे देवमनला डाचायचं. आणि सोमवारपासूनच आपण तिची वाट पाहू लागतो, हे त्याहून जास्त डाचायचं. एका मंगळवारी ती आली ती भिंतीला धरूनच. हात झोळीत असूनही तिला सोसवत नव्हता. देवमनला राहवलं नाही.

"माय, मी खोटं वागून राह्यलो तुमच्यासंग. पेटीत काई नसते. उजेडबी नसते."

"मले ठाऊक हाये."

"आँ?"

"पयल्या डावाले तू त्या अंधाऱ्या खोलीत पयत गेलता. मंग एकडावबी नाई गेला."

"मंग कायले येता एवढ्या दूर, असा हात घेऊन?"

गोदाबाईनं झोळीतला हात सावरला.

"घरी मायं ताट येगळं केलं, बापू. लोटाबी येगळा. शालिकरामची बायको पोराईले सांगते, आजीजोळ जाऊ नोका, तो रोग लागते. वाईट नाई ती, भेते. इथं तू माया हात धरतो, पेटीवर ठेवतो. कोनी हात लावला तं बरं वाटते."

वेगळं ताट म्हणजे काय, ते देवमनला सांगायला नको होतं.

त्या मंगळवारानंतर गोदाबाई आली नाही. ती केव्हा गेली, हेही त्याला कुणी कळवलं नाही. कळवायला तो तिचा कोण होता? पण त्या शेवटच्या मंगळवारी तिनं डाव्या हातानं फडक्याची गाठ सोडली. आत ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा होता. एका हातानं भाकर मोडेना, नुसतीच वाकू लागली. तिनं ती त्याच्यापुढं धरली.

"धर तिकून."

देवमननं काही विचारलं नाही. त्यानं दुसरी कड धरली. भाकर मधोमध मोडली नाही. मोठा तुकडा तिच्याकडं राहिला. तो तिनं त्याच्या हातावर ठेवला आणि लहान आपण घेतला. बाहेर बाकावर रोगी खोळंबले होते. त्यांना खोळंबू देऊन दोघंही तिथंच, टेबलाच्या कडेला बसून जेवली.